पाय लागला तर

कापसाचे ट्रॅक्टर मार्केट यार्डाकडे धावू लागले की मावल्यापासून आदिलाबादपर्यंतच्या रस्त्याकडेच्या सगळ्या बाभळी पांढऱ्या होतात. ट्रॉलीतून उडालेला कापूस काट्यांना अडकतो आणि थेट फेब्रुवारीपर्यंत तिथेच मळत राहतो. हल्ली लोक त्याचे फोटो काढतात. परवा शेजारच्या सूनबाईने मोबाइल पुढे धरून मला विचारलं, "काकू, बर्फ पडल्यासारखं वाटते नाई?" मी म्हटलं, वाटते. खरं तर मला बर्फबिर्फ काही वाटत नाही. माझ्या नाकात खाज सुटते, तळपायाला सरकी टोचल्यासारखं होतं आणि स्वतःचा राग येतो. हा राग दरवर्षी दिवाळी सरली की नेमाने येतो, आणि कापूस संपल्यावर जातो. इतकी वर्षं झाली, मला त्याची सवय झाली आहे.

मी बी.एड. करायला आदिलाबादला आले ते वर्ष नव्वदीच्या सुरुवातीचं. आमचं गाव तलमडुगूच्या पलीकडे. कापूस आणि ज्वारी सोडून तिथे तिसरं काही पिकत नसे. त्या गावातून पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिली मुलगी, आणि मला त्याचा अभिमान होताच. पण त्याहून मोठा अभिमान दुसऱ्याच गोष्टीचा होता. डिग्रीच्या शेवटच्या वर्षी खेळाच्या सरांनी आम्हा आठ-दहा मुलींना सहा महिने कराटे शिकवलं होतं. मग सरांची बदली झाली, आणि बाकीच्या मुली सुटलो बाई म्हणत घरी गेल्या. माझं मात्र मन तिथेच अडकलं. घरात, शेतात, वर्गात मी कायम कुणाची तरी मुलगी, कुणाची तरी बहीण, हजेरीतला कुठला तरी आकडा. मूठ वळून उभी राहिले की मी फक्त मी असायचे. ते सुख मला पुन्हा हवं होतं. इतकं हवं होतं की नव्या गावात खोलीवर ट्रंक टेकवली आणि कॉलेजचा रस्ता विचारायच्या आधी कराटेचा क्लास कुठे आहे ते विचारलं.

विचारलं की लोक हसायचे. टायपिंग इन्स्टिट्यूटचा मालक म्हणाला, "मॅडम, टायपिंग लावा. ते बी बोटायचं कराटेच हाय." एका टॉकीजच्या मागच्या भिंतीवर उडती लाथ रंगवलेली होती, खाली पत्ता. त्या पत्त्यावर गेले तर पिठाची गिरणी. गिरणीवाला अंगावरचं पीठ झटकत म्हणाला, "तो मास्टर दोन साल झाले गेला बाई. लाथ तेवढी राह्यली." मग कुणीतरी तालमीचं नाव सांगितलं. तिथले उस्ताद म्हातारे आणि सभ्य. त्यांनी उंबऱ्यावरच हात आडवा धरला. "बेटी, हौदे की मिट्टी में औरत का पाँव नहीं पड़ता. पड़ा तो पूरी मिट्टी बदलनी पड़ती." मी विचारलं, किती माती असते? ते म्हणाले, आठ गाड्या. आठ गाड्या माती माझ्यासाठी कोण बदलणार होतं? मी त्यांना नमस्कार केला आणि चपला घातल्या.

महिनाभर अशी वणवण झाली. एकदा सराव पाठ घेऊन शाळेतून परत येत होते. वाटेत एक जिनिंग होतं. आत सरकी काढणाऱ्या यंत्रांचा खडखडाट चालला होता, आणि त्या आवाजावर मात करून पंधरा-वीस गळे एकदम ओरडले. मी हातातले तक्ते घेऊन तशीच आत शिरले. रुईच्या गंजींच्या मागे एक पत्र्याचं शेड होतं, सिमेंटची फरशी, त्यावर अनवाणी मुलं ओळीने उभी. कापसाचे तंतू हवेत तरंगत होते आणि प्रत्येकाच्या भुवयांवर बसले होते. वीस म्हातारे लाथा मारताहेत असं वाटलं. मला रडू आलं, इतका आनंद झाला.

मास्टर ठेंगणा होता, वारंगळकडचा. हातात कायम चिंचेची छडी. त्याने मला वरून खाली पाहिलं आणि एक लाथ मारून दाखवायला सांगितली. मी मारली. त्याने मान हलवली, म्हणजे बरी आहे. मग म्हणाला, "अकेली लड़की नक्को. दो लाओ. लड़की लड़की से लड़ेगी. नहीं तो कल से आना नक्को."

दुसरी मुलगी म्हणजे छाया. दुसरी कुणी नव्हतीच. ती भैंशाकडच्या एका खेड्यातली, माझ्याच खोलीत राहणारी. उंच, सावळी, प्रत्येक काम सावकाश करणारी. भाकरी थापताना गुणगुणायची आणि पहिली भाकरी मला द्यायची, कारण मला भूक आवरत नसे हे तिला आठवडाभरातच कळलं होतं. कराटे म्हटल्यावर तिने कानाला हात लावले. मी समजावलं नाही, विनवण्या केल्या नाहीत. मी तिच्याशी बोलणं बंद केलं. तिने वाढलेलं ताट सरकवून उठायचे, ती आत आली की पुस्तक तोंडासमोर धरायचे. तीन दिवस. चौथ्या दिवशी सकाळी तिने चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "येईन बाप्पा मी तुयासंगं. पर असं मुकं नको राहू वं. मले जेवण जात नाई." मी चहा प्यायले. जिंकल्यासारखं वाटलं, हे मला स्पष्ट आठवतं.

पहिल्याच दिवशी मास्टरने आम्हाला समोरासमोर उभं केलं आणि छायाला माझ्या बरगडीवर लाथ मारायला सांगितली. ती घाबरत पुढे आली, पाय उचलला, आणि तो असा सणसणीत बसला की माझा श्वास अडकला. वेचणीच्या दिवसांत मैलोगणती चाललेले लांब पाय होते ते. आणि दुसऱ्याच क्षणी छाया वाकली, बोटं माझ्या बरगडीला लावली, मग स्वतःच्या कपाळाला. "पाय लागला वं," ती म्हणाली.

आपल्याकडे हे कुणी शिकवावं लागत नाही. बसमध्ये, पंगतीत, अंथरुणात, कुणाला चुकून पाय लागला की हात आपोआप त्या माणसाकडे जातो आणि तिथून कपाळाकडे. मीही तशीच वाढले, पण डिग्रीच्या वर्षी कराटे शिकताना सरांनी माझी ती खोड मोडली होती. छायाची कुणी मोडली नव्हती. सगळं शेड फुटल्यासारखं हसलं. एका मुलाने तिथल्या तिथे नक्कल करून दाखवली. मास्टर हसला नाही. त्याने छडीने फरशीच्या टोकाकडे खूण केली आणि बेडूकउड्यांचे दहा फेरे सांगितले. फरशीवर सरकी सांडलेली असायची, टणक आणि टोकदार. दहा फेऱ्यांत छायाचे तळवे फुटले.

मीही हसले होते. इतरांपेक्षा कमी, पण हसले. मुलं माझ्याकडे पाहत होती आणि मला त्यांच्यातली व्हायचं होतं.

त्यानंतर रोज हेच. लाथ बसायची, छाया वाकायची, फेरे. मुलांनी तिचं नाव 'पाँवपड़ी' ठेवलं. ती आली की दोघं-तिघं एकमेकांना मुद्दाम पाय लावून पाया पडायचे. आदिलाबादची थंडी तुम्हाला ठाऊक असेल तर संध्याकाळी पाचला ती फरशी अनवाणी पायांना काय करते हे सांगायला नको. छाया खोलीवर येऊन गरम पाण्यात पाय सोडून बसायची आणि सुईने तळव्यात रुतलेली सरकीची सालं काढायची. मी म्हणायचे, थोडं डोकं वापर ना. ती म्हणायची, "डोकं वापरतो तवा उशीर झालेला राह्यते वं. हात पयले जाते."

आता गंमत ऐका. गेल्या वर्षी इथल्या एका शाळेत मुलींच्या स्वसंरक्षण शिबिराचा समारोप होता आणि मला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं. का, तर त्या काळात कराटे शिकलेली या भागातली पहिली शिक्षिका. शाल दिली, रोप दिलं. मी माइकसमोर उभी राहून धैर्य, आत्मविश्वास, मैत्रिणींची साथ यांवर वीस मिनिटं बोलले. मैत्रिणींची साथ! जीभ अडखळली नाही. मुलींनी टाळ्या वाजवल्या, एकीने येऊन सही मागितली. घरी येऊन मी ते रोप कुंडीत लावलं नाही, तसंच अंगणात वाळू दिलं. कुणावर तरी राग काढायचा होता, रोप हाताशी होतं.

माझ्या बाजूने एक गोष्ट सांगता येईल, आणि ती खरी आहे. छायाची ही सवय मोडायला मी मनापासून मदत केली. रोज सकाळी कॉलेजच्या आधी आम्ही गच्चीवर जायचो. मी तिचा उजवा हात ओढणीने तिच्या कमरेला बांधायचे आणि उशी पुढे धरायचे. लाथ मार, सरळ उभी राहा. लाथ मार, सरळ उभी राहा. पहिल्या दिवसांत हात बांधलेला असूनही तिचा खांदा खाली यायचा. आम्ही हसून लोटपोट व्हायचो. खालच्या घराच्या मालकीणबाई ओरडायच्या, "काऊन व पोरीहो, छत पाडता काय?" त्या सकाळी माझ्या आयुष्यातल्या सगळ्यांत चांगल्या सकाळी होत्या असं मी म्हटलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. मीही ठेवला नसता.

संक्रांतीपर्यंत छाया बदलली. सरकीच्या पोत्यावर तिची लाथ बसली की पोतं हलायचं आणि ती ताठ उभी असायची. मास्टर तिला अधूनमधून मुलांशी लढवू लागला. तिथेही ती वाकेना. तिची नक्कल करणाऱ्या त्या पोराला तिने एकदा असा लोळवला की पुन्हा त्याने नाव घेतलं नाही. तिला ते आवडायला लागलं होतं. कॉलेजातही तिचा आवाज मोठा झाला, पाठ घेताना मागच्या बाकापर्यंत पोहोचू लागला. शेडमध्ये तिच्याइतकी लाथ कुणाची नव्हती, माझी तर नव्हतीच. ती मागून आली आणि पुढे गेली. मी शोधून काढलेल्या क्लासमध्ये.

फक्त माझ्याशी लढताना ती अजून वाकायची. दर वेळी नाही, पण लाथ जोरात बसली की हमखास. मी एकदा वैतागून विचारलं, मलाच का? ती पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, "ते पोट्टे मले पोत्यावानी दिसतात. मारलं का मारलं. तू पोतं हायस काय वं?"

जानेवारीच्या शेवटी मास्टरने सगळ्यांसमोर सांगून टाकलं. शनिवारी परीक्षा. आम्ही दोघींनी एकमेकींशी लढायचं. जिंकेल तिला पट्टा आणि मुलांच्या रांगेत जागा, तिने पुढे मुलांशीच लढायचं. हरेल तिने घरी जायचं. "जगह एकीच है. गिरे सो गए." त्याच्या शेडमध्ये गुण मोजत नसत. जो पडला तो हरला, इतका साधा नियम होता.

खोलीवर पोहोचल्यावर छाया म्हणाली, "निर्मला, खरं सांगू काय? मले बी ऱ्हायचं हाय तिथं." मग माझा हात धरून म्हणाली, "दोघी बी चांगलं लढू. जे होईन ते होईन. मुकं राह्यचं नाई." मी होकार दिला. मला त्या क्षणी कळलं होतं की चांगलं लढले तर मी हरणार. पुढच्याच आठवड्यात बी.एड.चा अंतिम पाठ होता, परीक्षक येणार होते, पण मला त्याचं काहीच नव्हतं. बी.एड. दुसऱ्या गावीही करता आलं असतं. असं शेड मला दुसरीकडे कुठे मिळणार होतं?

शुक्रवारी संध्याकाळी मी वांगी चिरत होते. तेव्हा ठरवलं. लोक म्हणतात, रागाच्या भरात हातून होऊन जातं. माझ्या हातून काही होऊन गेलं नाही. मी वांग्याच्या फोडी पाण्यात टाकत होते आणि डोक्यात सगळं नीट मांडत होते. डावी बाजू उघडी ठेवायची. तिची लाथ येऊ द्यायची. दात खाऊन ती सोसायची, पाय हलू द्यायचे नाहीत. ती वाकेल. तिचं तोंड कुठे येईल, किती उंचीवर येईल, हे मला गच्चीवरच्या सकाळींमुळे बरोबर माहीत होतं. छाया चुलीपाशी बसून गुणगुणत होती. भाजी चांगली झाली होती, दोघींनीही पोटभर खाल्ली.

शनिवारी शेडमध्ये गर्दी होती. जिनिंगचे कामगारही रुईच्या गंजींवर चढून बसले होते. आम्ही सुरू केलं. छाया सुंदर लढत होती. मला दोनदा तिने भिंतीपर्यंत नेलं. मुलं तिच्या नावाने ओरडू लागली, खऱ्या नावाने. मग मी डावा हात जरासा खाली सोडला. तिला जागा दिसली. लाथ बसली आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली, पण मी पाय रोवून उभी राहिले. तिने मला इतक्या जोरात कधी मारलं नव्हतं. तिचा चेहरा एकदम उतरला, तोंडातून "अगं बाई" निघालं, आणि ती वाकली. तिची बोटं माझ्या बरगडीला लागली. तो हात कपाळापर्यंत जायच्या आत मी सगळं वजन मुठीत घालून तिच्या तोंडावर मारलं.

ती बसकण मारून पडली आणि मग आडवी झाली. पुढचे दोन दात गेले होते. फरशीवर रक्त सांडलं आणि हवेतले तंतू येऊन त्याला चिकटू लागले. मास्टरने छडी वर केली. "देखे? इसको लड़ाई बोलते." मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला आनंद झाला. लाज नंतर आली, खूप नंतर. आधी आनंद आला, भरपूर आला, आणि मी हात वर करून उभी राहिले.

खोलीवर मालकीणबाईंनी विचारलं तेव्हा छायाने तोंडावरचं फडकं न काढता सांगितलं, नळावर पाय घसरला. खरं सांगितलं असतं तर त्या दिवशीच माझी ट्रंक रस्त्यावर आली असती. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तू होती काय तिथं?" मी म्हटलं, "हो मावशी. माझ्यासमोरच पडली." त्यांनी हळद-तूप आणून दिलं.

अंतिम पाठाला छाया तोंडावर रुमाल धरून उभी राहिली. सातवीचा वर्ग, मराठीची कविता. परीक्षकांनी रुमाल काढायला सांगितला. तिने काढला आणि पहिली ओळ म्हटली. फटीतून हवा गेली, शब्द फुसकन निघाला. वर्ग हसला. तिने पुन्हा म्हटली, वर्ग पुन्हा हसला. मुलं लहान होती, त्यांना हसू येणारच. मी मागच्या बाकावर निरीक्षण वही घेऊन बसले होते, त्यात आम्हाला एकमेकींच्या पाठातल्या उणिवा लिहायच्या असत. तिसऱ्या ओळीनंतर छायाने पुस्तक मिटलं आणि वर्गाबाहेर गेली. मी वहीत लिहिलं, उच्चार अस्पष्ट. लिहिणं भाग होतं, वही तपासली जायची.

तिने ते वर्ष तिथेच सोडलं. पुढे कधी पूर्ण केल्याचं माझ्या कानावर नाही. मी तिची ट्रंक घेऊन बसस्टँडवर गेले, ती नको नको म्हणत असताना. भैंशाची बस उभी होती. ती खिडकीशी बसली, मी खाली उभी. आजूबाजूला शेंगदाणेवाले ओरडत होते. तिने पदर ओठांवर धरला होता. म्हणाली, "एक पुसू काय? रागावशीन नाई ना?"

मी म्हटलं, पूस.

"तुले मालूम होतं काय, मी वाकीन म्हून?"

एवढं सोपं विचारलं तिने. मी तिच्या डोळ्यांत पाहून म्हटलं, "नाही गं. चुकून लागलं."

तिचा चेहरा मोकळा झाला. पदर खाली आला, ती हसली, आणि ती फट मला पहिल्यांदा नीट दिसली. "मले वाटलंच," ती म्हणाली. "बाबाले पत्रात मी तसंच लिवलं. लिवलं, निर्मलाले दोष देऊ नका, ते बापडी तवापासून धड जेवली बी नाई."

बस साडेचारला सुटली. क्लास पाचला होता. मी झपझप चालत वेळेवर पोहोचले आणि मुलांच्या रांगेत माझ्या जागेवर उभी राहिले.